मिलिंद, ते गणित माझं होतं

मिलिंद,

तुझी लेक प्रज्ञा नागपूरहून येईपर्यंत तुला ज्या थंड शवपेटीत ठेवलं होतं, ती गेल्या उन्हाळ्यात आपणच दुरुस्त केली होती. केडगावच्या तरुण मंडळाची ती पेटी. गॅस गळत होता. तू पाना घेऊन तिच्याखाली आडवा झालास आणि मी वर गेज धरून बसलो. काम झाल्यावर हात पुसत तू मंडळाच्या पोरांना विचारलंस, "आता चाचणीला आत कोन झोपतंय?" सगळे हसले. मीही हसलो.

त्या सकाळी मी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. सवयीनं माझा हात मागच्या जाळीकडे गेला. गरम हवा बाहेर येत होती, म्हणजे मशीन ठीक होतं. संगीता वहिनींनी माझा हात पाहिला.

"चालतंय ना भाऊजी नीट?"

"चालतंय."

"त्यांना गार सोसत न्हाई," त्या म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

बसलेला माणूस शंभर वॅट उष्णता टाकतो, राबणारा दोनशेच्या वर, हे तू मला किती वेळा सांगितलं होतंस! मंगल कार्यालयात एसी बसवायला गेलो की मी भिंती मोजायचो, खिडक्या मोजायचो, आणि तू मालकाला विचारायचास, "पंगतीला मानसं किती?" माणूस ही शेगडीच आहे असं तू म्हणायचास, जिता आहे तोवर धगधगणारी. त्या दिवशी पेटी फार लवकर थंड झाली. का झाली ते मला कळत होतं, आणि हे आपल्याला कळतंय याचाच मला संताप येत होता.

तू गेल्यावर लोक भेटायला येतात आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. मीही मान हलवतो. पण मला तुझ्याबद्दल बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचं आहे. तेही एकाच गोष्टीविषयी. ती कोणती ते तुला ठाऊक आहे. तिच्यापर्यंत पोचायला मला थोडा वेळ दे.

नेवाशाजवळच्या त्या दूध शीतकरण केंद्रावर आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा मी डिप्लोमाचा कागद घेऊन आलेला आणि तू आयटीआय करून तीन वर्षं तिथं घासलेला. पहिल्याच आठवड्यात दुधाची टाकी थंड होईना. मी वही काढून किती लिटर, किती अंश, किती वॅट उष्णता काढायची, त्याचे टन किती, असं मांडत बसलो. तू कॉम्प्रेसरपाशी उभा राहिलास, येणाऱ्या नळीवर तळहात ठेवलास, जाणाऱ्या नळीवर ठेवलास आणि म्हणालास, "गॅस कमी हाय. एक-दीड किलो." तेवढाच निघाला. मी वही मिटली. तू मात्र ती उघडायला लावलीस. "मला हे शिकव," म्हणालास. "हाताला कळतंय, पन गिऱ्हाइकाला सांगता येत न्हाई."

मग मी तुला शिकवलं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ओढणारं यंत्र एक टनाचं. वॅटमध्ये तीन हजार पाचशे सतरा. वॅटला त्या आकड्यानं भागलं की टन. तू दोन दिवस हे तोंडात घोळवत फिरलास. तिसऱ्या दिवशी आलास ते भांडायलाच.

"तीन हजार पाचशेनं भागलं तर काय बिघडतं? ह्या सतरा वॅटाचं एवढं काय?"

"अरे, आकडा आहे तो. आपल्या मनानं कसा बदलणार?"

"पस्तीसशेनं भागलं की टन जरासं जास्तच येतंय. जास्त आलेलं बरं. आकड्याला माहीत न्हाई दार कितीदा उघडनारंय."

हे भांडण पुढं अठरा वर्षं चाललं. केडगावला पुणे रस्त्यावर आपण दुकान टाकलं तेव्हा मी भिंतीवर रंगानं ३५१७ लिहून घेतलं आणि तू खाली खडूनं लिहिलंस, 'पन पस्तीसशे धरावं.' दर दिवाळीला रंगकाम झालं की खडू पुसला जायचा आणि दर पाडव्याला तू तो पुन्हा लिहायचास. यंदाच्या पाडव्याला काय करायचं ते मी ठरवलेलं नाही.

गिऱ्हाइकांना समजावण्यात मात्र तुझा हात धरणारा कुणी नव्हता. तुला ते निवृत्त गुरुजी आठवतात? एक टनाचा एसी दोन पोरांनी उचलून आणलेला पाहून ते रागावले होते. "टन म्हणजे हजार किलो. हे पन्नास किलोसुद्धा नसेल. फसवता काय?" मी बर्फाची गोष्ट सांगायला लागलो तर त्यांचा राग वाढला. वर त्यांनी स्वतःच गणित केलं, की एक टन म्हणजे साडेतीन हजार वॅट, म्हणजे एवढी वीज जळणार, म्हणजे मीटर फुटणार. तू त्यांना खुर्ची दिलीस, पाणी दिलंस.

"गुरुजी, हमाल पोतं उचलतो तवा तो भाकरी एक खातो अन् पोती चार वाहतो. खातो त्ये वेगळं, वाहतो त्ये वेगळं. ह्यो हजार-अकराशे वॅट वीज खानार अन् तुमच्या खोलीतली साडेतीन हजार वॅट उष्णता बाहीर नेऊन टाकनार."

गुरुजी पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, "तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं." तू लाजलास. मला तेव्हा थोडंसं टोचलं, हेही आज सांगून टाकतो. पुढं जे झालं त्याच्या मुळाशी असलीच काहीतरी बारीक टोचणी असावी.

आता राहात्याची गोष्ट.

शकुंतलाबाईंचा बचतगट. पंधरा-सोळा बायका, सगळ्यांच्या पेरूच्या बागा. बाजार पडला की पेरू मातीमोल जायचा, म्हणून त्यांना शीतखोली हवी होती. दहा हजार किलो पेरू दहा अंशांवर ठेवायचा. आपलं तोवरचं सगळ्यात मोठं काम. मी चार दिवस गणित केलं. भिंतीतून येणारी उष्णता, दारातून येणारी, बागेतून तापून आलेल्या पेरूंची, आणि शेवटी पेरूच्या श्वासाची. तोडलेलं फळ जिवंतच असतं, श्वास घेतं आणि ऊब टाकतं. किलोमागं फार थोडी, वॅटच्या हजाराव्या भागात मोजायची. मी किलोला दीडशे मिलिवॅट धरले, दहा हजारांनी गुणले, मिलिवॅटचे वॅट केले, वॅटचे टन केले, आणि सगळी बेरीज करून दोन टनांचं यंत्र काढलं.

तू कागद हातात घेतलास. तुझं बोट एका ओळीवर थांबलं.

"विजू, पेरूच्या श्वासाचे दीडशे वॅट?"

"हं."

"दहा हजार किलोचे?"

"हो ना."

"दोन मानसं नुसती बसली तर दोनशे वॅट व्हत्यात. अन् खोलीभर पेरू दीडशे? मला पटत न्हाई."

माझं डोकं तापलं. चार दिवस मी तो कागद घेऊन बसलो होतो. "मिलिंद, गणित माझ्यावर सोड. तू पाईप बघ," मी म्हणालो.

तू कागद खाली ठेवलास. "बरं," म्हणालास. अठरा वर्षांत तू एवढ्या लवकर भांडण सोडल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

त्या ऑक्टोबरात ऊन फार होतं. खोली भरली, दार लागलं, यंत्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी काटा सतरा अंशांवर. तिसऱ्या दिवशीही सतरावर. पेरू ऊबदार म्हणून श्वास जास्त घेत होते, आणि श्वास जास्त म्हणून खोली आणखी ऊबदार राहत होती. पाचव्या दिवशी शकुंतलाबाईंचा फोन आला. आपण टेम्पो घेऊन निघालो, राहुरी, कोल्हार मागं पडलं.

दार उघडलं आणि तो वास आला. निम्मे पेरू पिवळेधमक होऊन मऊ पडले होते. बायका अंगणात उभ्या होत्या. त्यांच्यातली एक रडत होती, तिची पहिलीच बाग होती. तू खाली बसून नळ्या तपासायला लागलास. हातात पाना तुझ्या होता, कपडे मळलेले तुझे होते. माझ्या हातात फाईल होती.

शकुंतलाबाई पुढं आल्या. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. तुझ्या पाठीशी उभं राहून त्या म्हणाल्या, "फुकटात शिकून आलेल्यांच्या हातात मशिनी दिल्या की आसंच व्हायाचं. आमाला वाटलं इंजिनियर सोता करत्याल. हे कुनाला घिऊन आले?"

अंगणातल्या प्रत्येकाला कळलं त्या काय म्हणताहेत. तुला कळलं. मला कळलं. तू पान्यावरची पकड सोडली नाहीस, मान वर केली नाहीस, फक्त थांबलास. मला वाटतं तू माझी वाट पाहत होतास. मी बोलेन म्हणून. "बाई, गणित माझं आहे," एवढे चारच शब्द होते.

मी फाईल उघडून आत बघत राहिलो.

मग तू उठलास, हात पुसलेस आणि माझ्याकडून कागद मागून घेतलास. गाडीच्या बॉनेटवर ठेवून पेन्सिलीनं ती ओळ पुन्हा केलीस. दीडशे मिलिवॅट गुणिले दहा हजार, म्हणजे पंधरा लाख मिलिवॅट. हजारानं भागलं, दीड हजार वॅट. माझ्याकडून एक शून्य खाली पडलं होतं. साडेतेराशे वॅट, म्हणजे टनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उष्णता मी हिशेबातच धरली नव्हती, आणि उन्हानं यंत्राची ताकद आणखी खाल्ली होती. तू ते शून्य लिहिलंस, त्याभोवती गोल केलास आणि कागद मला परत दिलास. इतक्या गुपचूप, की कुणाला दिसू नये.

"बाई, दुसरं एक टनाचं यंत्र उद्या बसवतो," तू शकुंतलाबाईंना म्हणालास. "माझ्याकडनं कमी पडलं."

माझ्याकडनं, म्हणालास तू!

परतताना कोल्हारच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. इंजिन बंद करून तू विचारलंस, "विजू, काही बोलायचंय का?"

"नाही," मी म्हणालो.

मग गाड्या हलल्या.

त्यानंतर सहा वर्षं आपण रोज एकत्र होतो. माझ्या बाबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तू केल्यास. आंबेडकर जयंतीला तुझ्या घरची खीर पहिली माझ्याकडे यायची. माझ्या बायकोच्या आजारपणात दुकान तू एकट्यानं ओढलंस आणि कधी बोलून दाखवलं नाहीस. मी कित्येकदा तोंड उघडलं. पण दर वेळी वाटायचं, तो विसरला असेल, आता कशाला उकरून काढायचं. खरं म्हणजे तू विसरावंस अशी माझी इच्छा होती. एक बदल मात्र मला दिसत होता. त्या दिवसानंतर तू माझं कुठलंच गणित तपासायला हातात घेतलं नाहीस. मी कागद पुढं केला की म्हणायचास, "तू केलंय ना? मग बरोबरच असंल." ते वाक्य मी सहा वर्षं ऐकलं, मिलिंद. त्यात विश्वास किती होता आणि बाकी काय होतं, हे मला विचारायचं राहिलं.

तू गेल्याच्या नवव्या दिवशी मी राहात्याला गेलो. कुणाला सांगितलं नाही. शकुंतलाबाई शीतखोलीच्या ओट्यावर पेरू निवडत होत्या. थकल्या आहेत आता. तू गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ऐकून त्यांचा हात थांबला.

"कंदी?"

"नऊ दिवस झाले."

"आरं द्येवा. लई शांत मानूस हुता. दर साली येऊन मशीन बघून जायचा. मी बोलवायच्या आदीच यायचा."

हे मला माहीत नव्हतं. तू दर वर्षी एकटा तिथं जात होतास, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं. शून्याचं सांगितलं, दीडशे वॅटचं सांगितलं, तू आधीच शंका काढली होतीस आणि मी तुला गप्प केलं हेही सांगितलं. मला वाटत होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या, झालं गेलं. तेवढ्यासाठीच मी गेलो होतो की काय, कोण जाणे.

"गनित चुकतंय मानसाचं," त्या म्हणाल्या. "त्याचं काय न्हाई. पन मी त्या लेकराला काय बोल्ले, त्ये तुमी आयकलं हुतं ना?"

"हो."

"मंग गप का बसला?"

मी समोरचा एक पेरू उचलला आणि परत ठेवला.

"त्यो हुता तवर सांगितलं आस्तं तर मी त्येचे पाय धरले आस्ते. आता मी कुनाकडं जाऊ? तुमी तुमचं हलकं केलं भाऊ, अन् माझ्या डोक्यावर आनून ठिवलं." त्या उठल्या, हात धुतले, पदर नीट केला. "चला. मला त्येच्या घरी न्या."

"आत्ता?"

"मंग कंदी? मी मेल्यावर?"

तासाभरात आम्ही निघालो. त्यांनी सोबत काही घेतलं नाही. सुनेनं पेरूची पिशवी पुढं केली तर म्हणाल्या, "आज न्हाई न्यायचं काय. आज हात रिकामेच पायजेत."

केडगावला तुझ्या घरी वहिनी आणि प्रज्ञा दोघी होत्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तुझा फोटो, पुढं मेणबत्ती. शकुंतलाबाई दारात थबकल्या. "आत येऊ का?" त्यांनी विचारलं. त्या वयाच्या, त्या घराण्याच्या बाईनं हे असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "या ना." त्या आत येऊन जमिनीवर बसल्या, खुर्ची घेतली नाही, आणि सहा वर्षांपूर्वी तुझ्या पाठीशी उभं राहून जे बोलल्या होत्या, ते शब्द न बदलता सांगितलं. एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही.

प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा बदलत गेला. वहिनी मात्र गोंधळल्यासारख्या दिसल्या.

"मला हे म्हाईतच न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले अन् म्हनले, राहात्याच्या बायांनी लई मेहनतीनं बाग उभी केलीय. त्यांचं नुकसान झालंय, उद्या लवकर निघतो. बस. येवढंच."

शकुंतलाबाईंनी वहिनींचे पाय धरले. वहिनींनी घाईनं त्यांचे हात सोडवले आणि दोघी तशाच हात धरून बसल्या. माफ केलं असं वहिनी म्हणाल्या नाहीत. ते त्यांच्या हातात नव्हतंच. चहा टाकायला कुणी उठलं नाही.

मग प्रज्ञा बोलली. तिचा आवाज तुझ्यासारखाच आहे, हळू पण न चुकवता येणारा. "काका, बाबांना हे बोलल्या तेव्हा तुम्ही तिथंच होतात?"

"हो."

"चूक तुमची होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हा आकडा सापडला नव्हता. पण गणित माझं होतं, एवढं माहीत होतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

मी तुझ्या फोटोकडे पाहिलं. राहात्याहून येताना गाडीत मी हे उत्तर दहा प्रकारे जुळवलं होतं. घाबरलो होतो, गोंधळलो होतो, दुकानाचं नाव जाईल असं वाटलं, असं बरंच काही. त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की मी बोललो असतो तर ती नुसती एक चूक ठरली असती. इंजिनियर आहेत, चुकतात कधी कधी, असं म्हणून बायकांनी मला चहा दिला असता. तुझ्या अंगावर ती तुझी जात होऊन पडली. हे मला त्या अंगणात, त्याच क्षणी कळलं होतं, आणि कळूनही तू समोर होतास म्हणून मी सुटलो, याचं मला बरं वाटलं होतं.

हे सगळं मी तुझ्या लेकीला सांगितलं. तिनं डोळे पुसले नाहीत, माझ्यावरून नजरही काढली नाही. खोलीत संगीता वहिनी होत्या, शकुंतलाबाई होत्या, प्रज्ञा होती. सगळ्यांनी ऐकलं. तू तेवढा नव्हतास, मिलिंद.